बर्थ पूल आणि कडीपाट: घरातली जमीन पाण्याचं ओझं पेलेल का, हे कसं बघावं

बर्थ पूल म्हणजे पाण्यात बाळंत होण्यासाठी घरात भरायचा फुगवता येणारा हौद. त्याचं चित्र पाहून आई म्हणाली, "गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून बाळंत होणार काय तू?" बाबांचा प्रश्न वेगळा होता. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मिरजेहून व्हिडिओ कॉलवर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "खाली स्लॅब आहे की फळ्या?"

मी स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींची गणितं करते. पण स्वतःच्या दिवाणखान्यात अर्धा टनाहून जास्त पाणी ठेवायचं ठरवताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. घर १९३०च्या दशकातलं, शेजारच्या घराला एका भिंतीने जोडलेलं.

"फळ्या," मी म्हटलं.

"म्हणजे कडीपाटच की. मग आजीची पोती आठव."

आजीच्या वाड्यात माडीची जमीन कडीपाटाची, म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर (तुळयांवर) फळ्या ठोकलेली. तिच्यावर जोंधळ्याची पोती ठेवायचे. पाठीवर पोतं घेऊन हमाल जिना चढला की आजी खालून ओरडायची, "भिंतीकडंला लाव रं, मधी नगं!" तिला बेंडिंग मोमेंट, म्हणजे ओझ्याचा कडीला वाकवणारा जोर, माहीत नव्हता, पण पुढे मी जे गणित केलं ते तिच्या त्या वाक्याचंच. फक्त त्या वाक्यात एक गोम आहे, ती पुढे सांगते.

(मराठीत पूल म्हटलं की कृष्णेवरचा आठवतो, म्हणून यापुढे मी हौदच म्हणते.)

लिटर विसरा, खोली मोजा

हौद विकणारे लिटर सांगतात. ऐकणारा घाबरतो किंवा निर्धास्त होतो, आणि दोन्हीला अर्थ नसतो. जमिनीला लिटर कळत नाहीत. तिला कळतं ते एका चौरस मीटरवर किती ओझं आलं ते, आणि पाण्याच्या बाबतीत ते फक्त खोलीवर ठरतं. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. हौद लहान असो की मोठा, पाणी ५० सेंटिमीटर असेल तर त्याखालच्या जमिनीवर चौरस मीटरला ५०० किलो.

माझा हौद फुगवून मी टेपने मोजला. आतून लांबी १३० सेंटिमीटर, रुंदी ११०, आकार लंबगोल. तळाचं क्षेत्रफळ साधारण १.१२ चौरस मीटर. ५० सेंटिमीटर पाणी भरलं की ५६० लिटर, म्हणजे ५६० किलो. आजीच्या मापात, शंभर किलोचं एक धरलं तर, साडेपाच पोती. बाहेरून मात्र तो १६५ बाय १४५ होतो, कारण फुगलेल्या भिंती जागा खातात. त्या हवेच्या असल्याने वजन जवळजवळ सगळं आतल्या तळावरच येतं.

आता माणसं. "बाईचं वजन धरलं का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. भरलेल्या हौदात बाई उतरली की पाणी वर चढतं. मी उतरले तेव्हा चारेक सेंटिमीटर चढलं. तेवढं चढलेलं पाणी म्हणजे तिच्या बुडालेल्या भागाचं वजन. म्हणून हिशोब करताना ती आत असतानाची पाण्याची पातळी धरली, तर तिचं बहुतेक वजन त्यातच आलं. घाई असेल तर पाण्यात तिचं वजन सरळ मिळवून टाका. थोडं जास्त धरलं जाईल, बिघडत काही नाही. पण काठाशी गुडघे टेकून बसलेल्या दोन मिडवाइफ (प्रशिक्षित सुइणी) आणि माझा नवरा हे वेगळे धरायचेच. पाणी ५६०, मी ७२, हौद १२, नवरा ७८, दोघी मिळून १३०. बेरीज ८५२ किलो.

मग नियमात किती बसतं?

इथे इंग्लंडमध्ये घरातल्या खोलीची जमीन चौरस मीटरला १५० किलो चल भार, म्हणजे माणसं आणि सामानाचं ओझं, धरून डिझाइन करतात. म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणी. हौदाखाली ५०० किलो येणार. हे वाचून पुष्कळ जण इथेच थांबतात, पण दोन्ही आकडे असे शेजारी ठेवून चालत नाही. १५० किलो हे सगळ्या खोलीभर धरलेलं असतं. माझी पुढची खोली ४.२ बाय ३.६ मीटरची, म्हणजे डिझाइनमध्ये एकूण सव्वादोन टनाच्या वर भार धरलेला. त्यापुढे ८५२ किलो कमीच.

पण हा दिलासाही अर्धाच. सव्वादोन टन सगळ्या कड्यांवर वाटलेले असतात आणि हौद त्यांतल्या तीनचार कड्यांवरच बसतो. म्हणून बेरीज सोडून एका कडीचं गणित करावं लागतं.

इंग्लंडमधल्या माडीची एक साधी कडी घ्या. लांबी ३.६ मीटर, दोन कड्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटर. डिझाइनप्रमाणे तिच्यावर दर मीटरला ६० किलो, त्याचा मध्यावरचा मोमेंट साधारण ९७ (एकक किलो गुणिले मीटर). आता माझा हौद बरोबर मधोमध, लांब बाजू कडीच्या दिशेने ठेवला, तर मोमेंट १९२. दुप्पट. तोच हौद काटकोनात फिरवला, म्हणजे लांब बाजू कड्यांना आडवी, तर १६८. आणि तसाच आडवा ठेवून भिंतीशी सरकवला, हौदाचा मध्य भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर येईल असा, तर ११६.

तेच पाणी, तीच जमीन; नुसतं फिरवून आणि सरकवून १९२चे ११६ झाले. आजीचं बरोबर होतं.

आता ती गोम. भिंतीकडे सरकवलं की कडी कमी वाकते, पण तिच्या टोकावर जास्त भार येतो. याच उदाहरणात डिझाइनप्रमाणे टोकावर १०८ किलो यायचे, तिथे १७१ आले. आणि जुन्या घरात कडी कुजते ती नेमकी टोकाशीच, जिथे ती ओल्या भिंतीत बसलेली असते. "भिंतीला लावा, काही होत नाही" हा सल्ला टोकं धड असतील तरच खरा.

आणि भिंत म्हणजे कोणतीही भिंत नव्हे. कड्यांची टोकं ज्या भिंतीत बसतात ती. कड्या जिला समांतर धावतात त्या भिंतीला हौद चिकटवला तर तो मधोमध ठेवल्यासारखाच राहतो, फक्त कोपऱ्यात आहे असं वाटतं.

खाली काय आहे ते कसं ओळखायचं

आधी घराबाहेर जा. भिंतीच्या बुडाशी, जमिनीच्या जरा वर, जाळीची किंवा भोकांची वीट दिसली तर आत पोकळी आणि लाकडी कड्या आहेत असं समजा. ती वीट त्या पोकळीत हवा खेळती ठेवायला असते. मग आत येऊन टाच आपटा. भरीव आवाज आला आणि काहीच हललं नाही, तर बहुधा जमिनीवरच टेकलेलं काँक्रीट. तळमजल्यावर असं काँक्रीट असेल तर बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, खुशाल हौद मांडा.

फळ्या असतील तर त्या धावतात त्याला कड्या काटकोनात असतात. फळ्यांवर खिळ्यांच्या ओळी शोधा. जिथे ओळ तिथे खाली कडी. दोन ओळींमधलं अंतर मोजलं की कड्यांचं अंतर कळतं. कार्पेट असेल तर कोपऱ्यातून थोडं उचला, आठ आण्याचंही नुकसान होत नाही.

तळमजल्याच्या लाकडी जमिनीला एक मोठा फायदा असतो. खालच्या पोकळीत मधेमधे बुटक्या विटांच्या भिंती घातलेल्या असतात आणि कड्या त्यांच्यावर टेकतात, त्यामुळे एका आधारापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर बरंच कमी होतं. शिवाय काही बिनसलंच तर माणूस गुडघाभर खाली जाईल, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात नाही. घरी तपासायला आलेली मिडवाइफही म्हणाली होती की तळमजल्याला सहसा अडचण येत नाही, वरचा मजला असेल तर जाणकाराला विचारा. जाणकार मीच, म्हणून मी सहाव्या महिन्यात, पोट सांभाळत, पुढच्या खोलीतली एक फळी उचकटायला बसले. नवरा मागे उभा राहून "मी करतो की" म्हणत होता. त्याला कडी आणि बॅटन (लाकडाची पातळ पट्टी) यांतला फरक माहीत नाही.

फळी निघाली. आत बॅटरी मारली. कोळिष्टकं, जुना वर्तमानपत्राचा बोळा, थंड मातकट वास. मधल्या कड्या कोरड्या, टणक. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर नुसता ओरखडा उठायचा. मग रस्त्याकडच्या भिंतीशी, खिडकीखाली, कडीच्या टोकावर तोच स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो खव्यात सुरी जावी तसा गेला. दोन बोटं आत. बाहेर काढला तर टोकाला तपकिरी भुसा चिकटलेला. शेजारची कडीही तशीच. बाहेर जाऊन पाहिलं तर आधीच्या मालकाने गाडी लावायला अंगणात फरशी घातली होती आणि हवेची वीट त्या फरशीखाली पुरली गेली होती. किती वर्षं कोण जाणे, पण आतली ओल बाहेर पडायला वाटच नव्हती.

म्हणजे आजीचं आणि माझं गणित ऐकून मी हौद त्याच भिंतीला लावला असता, तर तो बरोबर कुजक्या टोकांवर बसला असता. म्हणून सांगते, कागदावरचे आकडे एकीकडे आणि स्क्रूड्रायव्हर एकीकडे. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही.

आम्ही हौद मागच्या स्वयंपाकघरात न्यायचा ठरवला. ते नंतर वाढवलेलं बांधकाम, जमिनीवरच टेकलेलं काँक्रीट. जेवणाचं टेबल बाहेर काढलं आणि प्रश्न मिटला. पुढच्या खोलीच्या कड्या बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर दुरुस्त केल्या.

आणखी कुठे नको

जिन्याची किंवा चुलाण्याची मोकळी जागा सोडायला कड्या जिथे कापलेल्या असतात, त्या कडेला नको. तिथे एकाच कडीवर दोनतीन कड्यांचं ओझं असतं. नळ किंवा गरम पाण्याचे पाइप न्यायला प्लंबरने कडीला वरून किंवा खालून खाच पाडली असेल तर तिथेही नको. पुस्तकांनी भरलेलं कपाट त्याच कड्यांवर असेल तर कपाट हलवा. चालताना काचेचं कपाट किणकिणत असेल तर ती जमीन आधीच लवचीक आहे, तिच्यावर पाणी नको.

हौदाखाली प्लायवूड घालावं का? १८ मिलिमीटरचं घालावं. फळ्यांवरचं ओझं शेजारच्या कड्यांवर थोडं वाटलं जातं आणि एखादी कमजोर फळी झाकली जाते. पण प्लायने कडीची ताकद वाढत नाही. "प्लाय टाकलाय, आता चिंता नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला कडीची लांबी विचारा.

मैत्रिणीचं घर, जिथे मी नाही म्हटलं

माझं झाल्यावर एका मैत्रिणीने बोलावलं. व्हिक्टोरियन काळातलं घर, त्याचे नंतर फ्लॅट पाडलेले, ती पहिल्या मजल्यावर. खाली दुसरं कुटुंब. वर दिलेलं ३.६ मीटरचं गणित तिच्याच खोलीचं. सगळं मनासारखं केलं तरी ११६ विरुद्ध ९७, आणि त्यात काठावरची माणसं धरलेली नाहीत.

आता खरं सांगायचं तर लाकडी कडी डिझाइनच्या दीडपट ओझ्याने लगेच मोडत नाही. कडीचं माप बहुतेक वेळा ती किती वाकेल यावरून ठरतं, मोडेल यावरून नाही. म्हणून हातात शिल्लक असते. शिवाय शेजारच्या कड्याही मदत करतात. पण ही शिल्लक धड, अखंड कडीची. तिच्या कड्या मला दिसतच नव्हत्या. खालच्या छताला हात लावायची परवानगी नव्हती, घर भाड्याचं, आणि न्हाणीघराकडच्या कोपऱ्यात जमीन इतकी उतरती की पेन ठेवलं तर गडगडत जायचं. मी म्हटलं, नको. ती रुसली. मग रुग्णालयातल्या बर्थ सेंटरच्या हौदात बाळंत झाली आणि खालच्यांच्या डोक्यावर पाणी पडलं नाही. कड्या उघड्या दिसल्या असत्या तर कदाचित मी हो म्हटलं असतं.

तुम्ही वरच्या मजल्यावर असाल आणि हौद घरीच हवा असेल, तर इंजिनिअर बोलावून कड्या उघडून बघायला लावा. फोटोवरून "चालेल" म्हणणाऱ्यावर जाऊ नका. मीही फोटोवरून कुणाला उत्तर देत नाही.

चाचणी भरून बघताना

दिवस भरायच्या तीनचार आठवडे आधी एकदा थंड पाण्याने भरून बघावं. एकदम नको. दहा सेंटिमीटर भरा, थांबा, कान द्या, मग वीस, मग तीस. लाकडी जमीन असेल आणि खालची खोली आपलीच असेल, तर खाली एक काठी उभी करा आणि तिच्या डोक्यात नि छतात पेन्सिलीएवढी फट ठेवा. ती फट मिटत चालली आणि पुढच्या भरणीआधी वाक थांबला नाही, तर पाणी काढा. दरवाजा चौकटीत अडकायला लागला, प्लास्टरला नवी चीर गेली, तरी काढा. फक्त हे लक्षात ठेवा की चाचणी पास झाली म्हणजे जमीन भक्कम ठरली असं नाही. एवढंच की आज तासभर तिने तक्रार केली नाही.

पाणी त्याच दिवशी काढून टाका. भरून ठेवायचा मोह होतो, कारण भरायला वेळ लागतो. आमच्या नळाला दहा लिटरची बादली भरायला एक मिनिट लागायचं, म्हणजे ५६० लिटरला जवळजवळ तास. पण आधीपासून भरलेलं कोमट पाणी म्हणजे जंतूंची पैदास. २०१४ साली इंग्लंडमध्ये घरच्या तापवत ठेवलेल्या हौदात जन्मलेल्या बाळाला लेजिओनेअर आजार (पाण्यातल्या जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया) झाला, तेव्हा सरकारी आरोग्य यंत्रणेने हीटर आणि पंप लावून आधीपासून भरून ठेवायचे हौद घरी वापरू नका असं सांगितलं होतं. जमिनीच्या दृष्टीनेही तेच बरं. लाकडावर चार तास ओझं आणि चार आठवडे ओझं यांत फरक असतो. ओझं राहिलं की लाकूड हळूहळू वाकत जातं. कळा सुरू झाल्यावर भरा, तापमान ३७.५ अंशाच्या वर जाऊ देऊ नका, बाकी मिडवाइफ सांगेल.

पुण्यामुंबईत

माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला बाळंतपणाचा हौद नको होता, मुलांचा उन्हाळ्यातला फुगवायचा हौद बाल्कनीत ठेवायचा होता. गणित तेच. भारतीय मानकात, आयएस ८७५च्या दुसऱ्या भागात, राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो धरतात आणि बाल्कनीला ३००. ते वाचून ती म्हणाली, "म्हणजे बाल्कनी जास्त भक्कम!" उलट. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी टेकलेला असतो. ओझं एका जागी पडलं तरी आजूबाजूचा स्लॅब ते वाटून घेतो. म्हणून धड असलेला आरसीसी स्लॅब खोलीत असा हौद सहसा पेलतो. बाहेर झुकलेल्या बाल्कनीला एकाच बाजूचा आधार, आणि तिची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावर पाय देऊन चालले की ती खाली दबते, आणि बाहेरून कुणाला कळत नाही. बाल्कनीत पाणी नको, लहान हौदाचंही नको. स्लॅबच्या खालून गंजाचे डाग किंवा फुगलेलं प्लास्टर दिसत असेल तर खोलीतही नको. आणि जुन्या चाळीत किंवा वाड्यात कडीपाट असेल तर वरचं सगळं पुन्हा वाचा, स्क्रूड्रायव्हरसकट.

आमचं बाळ पहाटे पावणेपाचला आलं. नवऱ्याने पंप लावून पाणी मागच्या गटारात सोडलं, त्याला पाऊण तास लागला. मी बाळाला घेऊन सोफ्यावर, आई दोन दिवस आधीच येऊन पोचलेली, ती शेपूची भाजी निवडायला घेणार एवढ्यात बाबांचा कॉल आला. बाळ पाहिलं, डोळे पुसले, थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "आता जरा फोन खाली कर. फरशी बघू."